पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिचा रूढ अर्थ असा की, पुढे जे व्हावयाचे ते जन्मतःच ठरलेले असते आणि जाणत्या डोळ्याला ते लवकर ओळखू येते. ‘खाण तशी माती’ ही तिची सख्खी बहीण. या दोन म्हणींच्या भरवशावर आपण सोयरिकी जुळवितो, बाजारात बैल पारखतो आणि शेजाऱ्याच्या मुलाचे भविष्यही वर्तवून मोकळे होतो. आज आम्हांस पहिल्या म्हणीचा जरा निराळा अर्थ लावावयाचा आहे. पाय पाळण्यात दिसतात, हे खरे. पण तो पाळणा उबेत टांगला होता की थंडीत, त्याच्या भोवती गर्दी होती की एकांत, त्यातल्या जिवाला पोटभर मिळत होते की अर्धपोटी निजावे लागत होते, यांवरही पुढे ते पाय कोणत्या वाटेने चालणार हे अवलंबून असते. निदान प्राण्यांच्या बाबतीत तरी हे आता नि:संशय सिद्ध झाले आहे.

लासलगावात व्याख्यान आणि कांद्याचे नाव नाही, असे व्हावयाचे नाही. तेव्हा आरंभ तेथूनच करू. गादीवाफ्यावर बी टाकले, रोप तयार झाले, आणि मजूर मिळाले नाहीत किंवा रान तयार नव्हते म्हणून लागण लांबली. रोप जून झाले. तशात कडाक्याची थंडी पडली, की शेतात डेंगळे किती निघणार याची धास्ती शेतकऱ्याला लागते. कांदा पोसावयाचा सोडून झाड मध्येच फुलाचा दांडा वर काढते आणि असल्या मालाला बाजारात कोणी विचारीत नाही. आता यात नवल कोणते, ते पाहा. बी तेच, वाण तोच. रोप अगदी कोवळे असताना तीच थंडी पडली असती तर तिची नोंद झाली नसती. रोपाने ठराविक जाडी गाठल्यावर ती पडली, म्हणून झाली. आणि परिणाम दिसला तो थंडी सरून गेल्यावर, कित्येक आठवड्यांनी. बालपणीच्या परिस्थितीचा ठसा म्हणतात तो हाच. त्याला एक वेळ असते. ती वेळ साधली तर तो उमटतो, टळली तर उमटत नाही. आणि उमटलेला ठसा बहुधा पुसता येत नाही. प्राण्यांविषयी पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे मर्म या डेंगळ्यात आलेले आहे.

त्याच डेंगळ्यांचे बी धरावयाचे तर मधमाशी लागते. कांद्याच्या फुलातील पराग आधी गळतो आणि त्याच फुलाचे स्त्रीकेसर नंतर तयार होते. म्हणून कोणीतरी एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेऊन पोचवावा लागतो. हे काम करणारी कामकरी माशी आणि पोळ्यातली राणी या दोघींचे बीज एकच असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. राणी घालते त्या फलित अंड्यातून कामकरीही निघू शकते आणि राणीही. पहिले सुमारे तीन दिवस सर्व अळ्यांना दाया आपल्या ग्रंथींतून स्रवणारे दुधासारखे अन्न भरवितात. पुढे कामकरी व्हावयाच्या अळीला मध आणि पराग मिसळलेले जाडेभरडे अन्न सुरू होते. राणीच्या प्रशस्त घरातील अळीला मात्र अखेरपर्यंत तो राजेशाही खुराक मिळतो. युरोपीय मधमाशीत राणी सोळा दिवसांत पुरी होते, कामकरीला एकवीस दिवस लागतात. राणी काही वर्षे जगते आणि अंडी घालण्यापलीकडे काही करीत नाही. हंगामातली कामकरी दीड महिन्यात झिजून मरते, पण तेवढ्यात ती दाई होते, मेणकरीण होते, पहारेकरीण होते आणि शेवटी रानात जाते. तीन दिवसांनंतरच्या ताटात काय वाढले, एवढ्यावर आयुष्याचा हा सारा फरक.

२००८ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी याच्याही मुळाशी हात घातला. अनुवंशाच्या धाग्यावर रासायनिक खुणा करून काही भाग मिटवून ठेवणारी एक यंत्रणा पेशीत असते. नुकत्याच जन्मलेल्या अळ्यांतली ती यंत्रणा त्यांनी दुबळी केली, तेव्हा राजखुराक न देताही पुष्कळशा अळ्यांच्या राण्या झाल्या. म्हणजे अन्नाने बीज बदलत नाही. बीजातली कोणती पाने उघडी ठेवावयाची आणि कोणती मिटावयाची, ते ठरते. पोथी एकच, पारायण निराळे.

मधमाशीचे उदाहरण कोणी टोकाचे म्हणेल. तिच्या राणीची अंगकाठीच वेगळी असते. म्हणून आपल्या ओसरीच्या आढ्याला कागदी पोळे करणारी तांबूस गांधीलमाशी घ्या. हिच्यात राणी आणि कामकरी दिसावयास सारख्याच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राघवेंद्र गदगकर यांनी या माशीचा जन्मभर अभ्यास केला. कोषातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माद्या त्यांनी एकेक करून वेगळ्या ठेवल्या आणि त्यांना भरपूर खावयास दिले. डोक्यावर राणी नाही, अन्नाला तोटा नाही. तेव्हा सर्वांनीच अंडी घालावयास हवी होती. प्रत्यक्षात सुमारे निम्म्याच माद्यांनी ती घातली. उरलेल्या अंडी न घालताच मेल्या. हा फरक मोठेपणी मिळालेल्या अन्नाने पडलेला नव्हता. अळी असताना ज्यांना पोटभर मिळाले होते त्यांचा अंडी घालण्याकडे कल अधिक होता. वरून सारख्या दिसणाऱ्या या बहिणींत कोण आई होणार आणि कोण राबणार याचा कौल पुष्कळसा पाळण्यातच लागलेला असतो, हे १९८८ साली त्यांनी दाखवून दिले.

आता टोळाकडे वळू. आमच्या मते या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण हेच, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत भयंकरही हेच.

टोळधाड हा शब्द आपल्या भाषेत इतका मुरला आहे की अचानक आलेल्या पाहुण्यांनाही आपण तो लावतो. मुंबई इलाख्यात १९०१ ते १९०८ या काळात टोळांचा मोठा उपद्रव झाला. त्या जातीचे नावच पुढे ‘बॉम्बे लोकस्ट’ असे पडले आणि कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी १९०६ साली तिच्यावर एक प्रबंध लिहिला. पण इतिहासात साम्राज्यांना रडविणारा टोळ म्हणजे वाळवंटी टोळ. त्याच्याविषयी शेकडो वर्षे एक कोडे होते. धाड येते, रान फस्त करते आणि एके दिवशी नाहीशी होते. मधल्या वर्षांत हे टोळ जातात कोठे? आकाशातून पडतात म्हणावे, तर पुन्हा आकाशातच चढतात की काय?

उत्तर मिळाले ते १९२१ साली. बोरिस उव्हारोव्ह नावाच्या, रशियातून लंडनला आलेल्या कीटकशास्त्रज्ञाने असे मांडले की, टोळांच्या ज्या दोन वेगळ्या जाती म्हणून ग्रंथांत नोंदल्या जातात, त्या एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत. त्याने हे दुसऱ्या एका टोळाविषयी सांगितले. वाळवंटी टोळालाही तेच लागू पडते, हे पुढे स्पष्ट झाले. आपल्याकडे वाय. रामचंद्र राव यांनी सिंध-राजस्थानच्या वाळवंटात वर्षानुवर्षे याच टोळाचा माग काढला. त्यांचा ‘डेझर्ट लोकस्ट इन इंडिया’ हा ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. टोळांची आगाऊ सूचना देणारी सरकारी संघटना १९३९ सालची आहे.

म्हणजे धाड नाहीशी होते, तेव्हा टोळ कोठेच जात नाही. तो तेथेच असतो, पण एकटा असतो आणि एकटा टोळ हा साधा नाकतोडा. त्याची पिल्ले हिरवट असतात, झुडपात मिसळून जातात. मोठा झाल्यावर तो उडतो तो रात्री. दुसरा नाकतोडा जवळ आला तर हा बाजूला सरतो. याच्या वाटेला कोणी जात नाही आणि हाही कोणाच्या वाटेला जात नाही. याच टोळाची अंडी दाटीवाटीत फुटली आणि पिल्ले गर्दीत वाढली, तर त्यांच्या अंगावर पिवळे-काळे पट्टे येतात. ती एकमेकांना धरून राहतात, फौजेसारखी एका दिशेने चालू लागतात आणि पंख फुटल्यावर दिवसाढवळ्या झुंडीने उडतात. एकट्या टोळाची अंगलट उलट थोडी मोठीच असते, पण मेंदू गर्दीतल्या टोळाचा सुमारे ३० टक्क्यांनी मोठा भरतो, असे २०१० साली मोजून दाखविण्यात आले. गर्दीत वावरावयाचे म्हणजे अधिक बुद्धी लागत असावी. आमच्यासारख्या शहरवासीयांना हे ऐकून बरे वाटते, पण तसा निष्कर्ष घाईचा होईल.

मग गर्दीचे हे विष चढते कसे? नाकाने, डोळ्यांनी की स्पर्शाने? ऑक्सफर्डच्या सिम्प्सन आदी संशोधकांनी याचा छडा ज्या रीतीने लावला ती मोठी गमतीची आहे. एकटी वाढलेली पिल्ले घेऊन एका बारीक कुंचल्याने त्यांच्या अंगाला निरनिराळ्या ठिकाणी गुदगुल्या करीत ते बसले. बाकी कोठे कुंचला फिरविला तर काही होईना. मागच्या पायाच्या मांडीला मात्र तो वरचेवर लागला की, सुमारे चार तासांत एकलकोंडे पिल्लू गर्दीकडे ओढ घेऊ लागे. दाटीत बसलेल्या टोळांचे मागचे पाय एकमेकांना लागतात. तोच हा निरोप. पुढे २००९ साली केंब्रिज व ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी दाखविले की, या वेळी टोळाच्या छातीतील मज्जागुच्छात सेरोटोनिन नावाचे द्रव्य वाढते आणि ते अडविले तर टोळ एकटाच राहतो. माणसाच्या मेंदूतही हेच द्रव्य काम करते. निसर्ग जुन्या हत्यारांनीच नवी कामे करतो.

वागणूक अशी चार तासांत फिरते. रंग, पंख आणि अंगलट फिरावयास मात्र कात टाकण्याच्या खेपा आणि कधी कधी पिढ्याही जाव्या लागतात. येथे आईचा भाग येतो. गर्दीत राहिलेल्या मादीची पिल्ले अंड्यातून बाहेर पडतात तीच गर्दीची ओढ घेऊन. त्यांनी स्वतः अजून एकाही भावंडाचा धक्का खाल्लेला नसतो. आईने सोसलेली दाटी अंड्यातून लेकराच्या वाट्याला येते. ‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. येथे खाण तीच आहे; फरक पडला तो खाणीवर त्या वर्षी किती पाय पडले, याने.

आणि वाळवंटात दाटी होते कशी, हेही समजून घेतले पाहिजे. पाऊस झाला की ओसाड वाळूत हिरवळ उगवते, एकटे टोळ भराभर वाढतात. मग पाणी आटते आणि हिरवळीचे तुकडे लहान लहान होत जातात. वाढलेली प्रजा त्या उरल्यासुरल्या तुकड्यांवर लोटते आणि मांडीला मांडी लागते. म्हणजे नुसत्या सुकाळाने धाड होत नाही; सुकाळामागून येणाऱ्या टंचाईने होते.

नेमके हेच २०१८ साली घडले. मे महिन्यात ‘मेकुनू’ आणि ऑक्टोबरात ‘लुबान’ अशी दोन चक्रीवादळे अरबस्तानच्या निर्जन वाळवंटावर जाऊन कोसळली. जेथे वर्षानुवर्षे थेंब पडत नाही तेथे तळी साचली. माणूस पोचत नाही अशा त्या भागात टोळांच्या तीन पिढ्या कोणाच्या लक्षात न येता वाढल्या. तेथून येमेन, पूर्व आफ्रिका, इराण, पाकिस्तान अशी मजल मारीत २०२० च्या उन्हाळ्यात त्या झुंडी राजस्थानात शिरल्या. एरवी त्या आपल्याकडे येतात त्या पावसाळ्याच्या तोंडाशी. त्या वर्षी राजस्थानात खावयास हिरवे पान नव्हते, म्हणून वाऱ्याबरोबर त्या पूर्वेकडे सरकल्या आणि मे महिन्याच्या अखेरीस मध्य प्रदेशातून अमरावती जिल्ह्यात मोर्शी-वरूडच्या संत्र्यांच्या मुलखात आणि पुढे नागपूर जिल्ह्यात उतरल्या. अग्निशामक बंब लावून झाडांवर औषध फवारावे लागले. एक चौरस किलोमीटरच्या झुंडीत चार ते आठ कोटी टोळ मावतात आणि तेवढी झुंड एका दिवसात सुमारे ३५ हजार माणसांचे अन्न खाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा हिशेब आहे. अरबस्तानातल्या दोन पावसांत पाळणे हलले होते; ते पाय दोन वर्षांनी विदर्भात दिसले. म्हणूनच टोळाचा बंदोबस्त करावयाचा तो पंख फुटण्यापूर्वी, पिल्ले जमिनीवर असताना, असे जाणकार सांगतात. पंख फुटल्यावर डबे वाजविण्यावाचून शेतकऱ्याच्या हाती फारसे उरत नाही.

टोळावर आम्ही बराच वेळ घेतला. कासवाचे थोडक्यात सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साहाय्याने तेथे त्यांचे रक्षण चालविले आहे. कासवाचे नर-मादीपण गर्भधारणेच्या वेळी ठरत नाही. अंडी वाळूत असताना, त्या मुदतीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात, वाळू किती तापली यावर ते ठरते. तीस अंशांच्या आसपास एक सीमा असते. तिच्यावर मुख्यतः माद्या, तिच्याखाली मुख्यतः नर. कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचविण्यासाठी अंडी उचलून कुंपणात पुरणाऱ्याने सावली कोठे धरावी हा प्रश्न म्हणून क्षुल्लक राहत नाही. उन्हाळे असेच चढत गेले तर पुढे समुद्रात नर किती उरतील, ही चिंता जगभर आहे.

येथवर बहुतेक किडे आले. आईचे दूध पिणाऱ्या प्राण्यांचे काय? कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर जे काम केले ते येथे सांगण्यासारखे आहे. काही उंदरीणी आपल्या पिलांना पहिल्या आठवड्यात फार चाटतात, काही कमी चाटतात. पुष्कळ चाटलेली पिले मोठेपणी धीट निघतात, संकट टळले की त्यांचे शरीर लवकर शांत होते. कमी चाटलेली भित्री होतात. १९९७ साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा कोणीही म्हणेल की, धीट आईची मुले धीट, त्यात काय मोठे? म्हणून पुढे पिलांची अदलाबदल करून पाहिली. कमी चाटणारीच्या पोटची पिले जास्त चाटणारीच्या कुशीत ठेवली, तर ती धीट झाली; आणि त्यांतल्या माद्या पुढे आई झाल्यावर त्याही आपल्या पिलांना भरपूर चाटू लागल्या. रक्त जन्मदात्रीचे, रीत पाळणारीची.

माणसाविषयी विचाराल तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व मुलांचा जो अभ्यास चालविला, तो या विषयात जगभर मानला जातो. तेथील बाळांचे जन्माचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण ही हडकुळी दिसणारी बाळे चरबीत तेवढी हडकुळी नव्हती; त्यांचे स्नायू कमी होते, चरबी त्या मानाने राखलेली होती. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का गाठतो, याचा एक धागा आईच्या ताटापर्यंत पोचतो. मात्र उंदरावरून आणि टोळावरून माणसाला उडी मारू नये. गर्भसंस्काराच्या नावावर जे काही आज विकले जाते त्याला यांतल्या एकाही प्रयोगाचा आधार नाही. गरोदर बाईला पुरेसे आणि चौरस खाऊ घाला, हे सांगावयास मंत्रांची ध्वनिफीत लागत नाही.

शेवटी आपल्या निफाड तालुक्यातले बोलू. गोदाकाठच्या उसात बिबट्याची मादी विते, हे आता कोणाला नवे नाही. ऊसतोड चालू झाली की फडात मांजरीएवढी पिले सापडतात. लोक गोळा होतात, पिले हातोहात फिरतात. त्या पिलांचे पुढे काय करावे, हा प्रश्न आजच्या विषयाशी थेट भिडलेला आहे.

बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवून उबविण्याची रीत अनेकांनी पाहिली असेल. बाहेर आलेली पिले त्या कोंबडीलाच आई समजून मागे धावतात. अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही तासांत जे हलताना दिसेल ती आई; कॉनराड लोरेंझ यांच्यामागे हंसांची पिले अशीच चालत, आणि या अभ्यासासाठी १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बिबट्याचे बाळपण याहून पुष्कळ लांब असते. दीड-दोन वर्षे पिलू आईबरोबर हिंडते. सावज कोणते, माणसापासून किती अंतर ठेवावयाचे, दिवसा कोठे दडावयाचे, हे तो त्या काळात शिकतो. विद्या अत्रेय यांनी अकोल्याच्या परिसरात स्वयंचलित कॅमेरे लावून जे मोजले, त्यात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले, तेही भरवस्तीच्या उसाच्या मुलखात. इतके बिबटे इतक्या माणसांजवळ बहुतेक रात्री कोणाला न दिसता काढतात. ही लपण्याची विद्या त्यांना पिंजऱ्यात कोण शिकविणार?

दुधवाच्या अरण्याजवळ राहणाऱ्या अर्जनसिंगांनी १९७० नंतरच्या दशकात बिबट्याची पिले हाताने वाढवून रानात सोडली होती. त्यांतली हॅरिएट नावाची मादी रानात रमली, तिने पिलेही घातली. पण नदीला पूर आला तेव्हा ती आपली पिले तोंडात धरून अर्जनसिंगांच्या घरात घेऊन आली. अर्जनसिंगांना तिचे कौतुक वाटले. आपल्याकडे एखाद्या वस्तीवर असे घडले तर कौतुक कोणी करणार नाही, आणि काठ्या-कोयते बाहेर पडल्यावर कोण मरेल ते सांगता येणार नाही.

म्हणून वनखाते हल्ली पिले उचलून नेत नाही. सापडली त्याच फडाजवळ, दिवस मावळावयाच्या सुमारास, ती टोपलीत किंवा खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात आणि माणसे लांब जातात. मादी बहुधा जवळच दबून असते. रात्री येऊन एकेक पिलू मानेला धरून घेऊन जाते. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवून पाहतात. फडात पिले दिसली की तोड तेवढ्यापुरती थांबवावी, पिलांना हात लावू नये, त्यांच्याबरोबर छायाचित्रे काढीत बसू नये आणि वनखात्याला कळवावे. मादी आलीच नाही तर पिलू जुन्नरजवळच्या माणिकडोह केंद्रासारख्या ठिकाणी जाते आणि बहुधा जन्मभर तेथेच राहते.